गच्चीचे मोजमाप

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझे वय ६१. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्याच्या देखभाल विभागात मी ३४ वर्षे नोकरी केली आणि नेरूळमधील आमच्या ४० सदनिकांच्या सोसायटीचा सलग दहा वर्षे सचिव होतो. या काळात जुनी लिफ्ट बदलून घेतली, टाक्यांची गळती थांबवली, वर्षानुवर्षांची थकबाकी वसूल केली. दोन वर्षांपूर्वी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे अंदाजपत्रक मी सभेत मांडले, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या एका तरुण सभासद बाई उठून म्हणाल्या, की मोजमापात लिफ्टच्या मशीन रूमखालची आणि टाकीखालची जागाही धरलेली दिसते. मी सर्वांदेखत म्हणालो, "तुम्ही शाळेत जात होता तेव्हापासून मी मोजमापे घेतो आहे." सभा हसली आणि त्या खाली बसल्या. रात्री घरी पुन्हा आकडे मांडले, तर त्यांचेच बरोबर होते. सुमारे ६२ हजार रुपयांचा फरक होता. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराला बोलावून रक्कम कमी करून घेतली आणि पुढच्या सभेत, मी घासाघीस करून आकडा खाली आणला, असे सांगितले. टाळ्या मिळाल्या. यंदाच्या निवडणुकीत मी पडलो आणि त्याच बाई सचिव झाल्या. मी व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. थोडे दप्तर अजून माझ्याकडेच आहे, कारण त्यातले त्यांना काही कळेल असे मला वाटत नाही. पत्नी म्हणते, "तुम्हाला 'ग'ची बाधा झाली आहे." मला वाटते, हा स्वाभिमान आहे. आमच्या दोघांत बरोबर कोण? आणि गर्वच असेल, तर तो ओळखायचा कसा आणि या वयात आवरायचा कसा?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यावर अडले. सभेत एखाद्याला टाकून बोलणे, निवडणूक हरल्यावर ग्रुप सोडणे या गोष्टी चांगल्या म्हणता येणार नाहीत, पण त्या रागाच्या भरात किंवा दुखावल्यामुळे घडतात आणि ज्याने आयुष्यात असे काहीच केलेले नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. "मी घासाघीस करून आकडा खाली आणला" हे वाक्य मात्र रागाच्या भरातले नव्हते. मधे एक रात्र गेली होती, आकडेमोड झाली होती, सत्य काय ते तुम्हाला पुरते कळले होते, आणि तरीही दुसऱ्याचे श्रेय तुम्ही शांत डोक्याने आपल्या नावावर जमा केलेत. पत्नीचे आणि तुमचे जे भांडण आहे त्याचा निकाल मी या एका वाक्यावर तुमच्या पत्नीच्या बाजूने देते. तितकेच खरे हेही आहे, की हे वाक्य तुम्ही सांगितले नसतेत तर ते कोणालाच कळले नसते. गर्वाविषयी या सदराकडे येणारी पत्रे बहुतेक दुसऱ्याच्या गर्वाविषयी असतात. कोणाच्या जावेला ताठा असतो, कोणाच्या साहेबांच्या डोक्यात हवा गेलेली असते. स्वतःबद्दल विचारणारे पत्र क्वचितच येते, म्हणून तुम्हाला गुळमुळीत उत्तर देणे मला योग्य वाटत नाही.

आधी स्वाभिमानाचे पाहू, कारण त्या शब्दाचा आडोसा तुम्ही घेतला आहे. आपल्या भाषेत या कुटुंबातले शब्द एकमेकांच्या घरात सहज ये-जा करतात. संतांनी ज्या 'अभिमाना'ला टाकून द्यायला सांगितले, तोच शब्द आज आपण मुलाच्या निकालाच्या दिवशी कौतुकाने वापरतो. म्हणून शब्दावरून निर्णय करण्यापेक्षा तो शब्द कोणाला आवरतो आहे ते पाहावे. स्वाभिमान माणसाला स्वतःलाच आवरतो. दहा वर्षांत कंत्राटदाराकडून तुम्ही एक पैसाही घेतला नसेल, आणि पत्राचा सूर पाहता तो घेतला नसणार याची मला खात्री वाटते, तर तो तुमचा स्वाभिमान होता आणि त्यासाठी समोर कोणी लहान ठरण्याची गरज नव्हती. सभेत जे घडले त्याला मात्र एका माणसाने खाली बसणे आवश्यक होते. त्या दिवशी तुमचा स्वाभिमान जागा असता, तर त्याला चुकलेले मोजमाप टोचले असते. तुम्हाला टोचले ते मोजमाप चुकले असे सांगणारे माणूस.

हे तुम्हाला इतके दिवस दिसले नाही याचे मला नवल वाटत नाही, कारण तुमचा गर्व पोकळ नाही. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि खाडीकाठच्या मोकळ्या जागेत नवे शहर उभे राहू लागले, तेव्हा तेथे राहायला आलेल्या पहिल्या पिढीला शेजारापासून बाजारापर्यंत सारे नव्याने जमवावे लागले. नवी मुंबईतल्या कितीतरी सोसायट्या कार्यालयातून थकून आल्यावर रात्री दहा वाजता पंपाजवळ उभ्या राहणाऱ्या एखाद्या सचिवाच्या जिवावर चालल्या आहेत. तुम्ही त्यांपैकी एक आहात. रिकाम्या बढाया मारणाऱ्याचे बरे असते, कारण त्याला सारी आळी हसते आणि हसण्याने त्याचा ताठा आपोआप उतरतो. ज्याने खरोखर काम केलेले असते त्याला हसायला कोणी धजत नाही, आणि त्याला स्वतःला तर आपल्या ताठ्यामागे पुराव्यांची फाईलच दिसत असते. तुमची लिफ्ट खरी आहे, वसूल झालेली थकबाकी खरी आहे. गर्व या खरेपणावरच पोसला जातो, बांडगुळाला जसे जिवंत झाडच लागते तसा.

वारकरी संप्रदायात सांगितली जाणारी गोरोबाकाकांची कथा तुम्ही लहानपणी ऐकलीच असेल, पण ती आता पुन्हा आठवून पाहा. संतांचा मेळा जमला असताना कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे ते पाहायला मुक्ताबाईने गोरोबांना सांगितले, आणि मडकी तपासण्याचे थापटणे घेऊन ते एकेकाच्या डोक्यावर थापटत निघाले. बाकीच्यांनी निमूटपणे सोसले. नामदेवांनी मात्र तक्रार केली आणि मडके कच्चे ठरले. या कथेत मला नेहमी खिळवून ठेवते ती गोष्ट अशी, की विठ्ठल आपल्याशी बोलतो ही नामदेवांची समजूत कथेपुरती अगदी खरी आहे, तिच्यात खोटे काहीच नाही, आणि तरीही ते मडके कच्चे निघाले. गोरोबांनी कोणालाही "तुम्ही स्वतःला काय समजता?" असे विचारले नाही, कारण त्या प्रश्नाला प्रत्येकाने नम्र उत्तरच दिले असते. त्यांनी थापटून पाहिले आणि आवाज ऐकला. आपल्याला गर्व झाला आहे का, हे एकांतात डोळे मिटून शोधणाऱ्याला म्हणूनच काही सापडत नाही. टोकल्यानंतरच्या पहिल्या क्षणात आपल्या तोंडून काय बाहेर पडते, ते पाहावे लागते. तुमच्या तोंडून बाहेर पडले ते तुम्हीच लिहून कळवले आहे.

माझ्या तोंडून काय बाहेर पडले तेही सांगते. मी ठाण्यात अनेक वर्षे मराठी शिकवले आणि शुद्धलेखनाच्या बाबतीत माझा दरारा होता. नववीतल्या एका मुलाने निबंधात 'तज्ज्ञ' असे लिहिले होते. मी त्यातला एक 'ज' लाल शाईने खोडला आणि अर्धा गुण कापला, कारण माझ्या मते तो शब्द 'तज्ञ' असा होता. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शब्दकोश घेऊन आला. तत् अधिक ज्ञ, म्हणून तज्ज्ञ, हे त्याने पान उघडून मला दाखवले. मी काय म्हणाले असेन? "छपाईची चूक असेल." जाणकार या अर्थाचा शब्दच मला धड लिहिता येत नव्हता, यातला विनोद मला कळायला बरीच वर्षे जावी लागली. अर्धा गुण मी परत दिला नाही. त्या मुलाने नंतर वर्षभर मला एकही शंका विचारली नाही आणि त्या वेळी मला त्याचा अर्थ असा वाटला, की आता त्याला सगळे समजू लागले आहे.

तुमच्या सभेतले हसू मला याच कारणासाठी काळजीचे वाटते. त्या हसण्याने उरलेल्या सभासदांना एक धडा मिळाला, की मोजमाप तपासण्याच्या भानगडीत पडू नये. देखभाल विभागात आयुष्य घालवलेल्या तुमच्यासारख्या माणसाला याची किंमत मी नव्याने सांगायला नको, तरी एक प्रसंग आठवून देते. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ येथील विमानतळावर, दाट धुक्यात, दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. कारणे एकाहून अधिक होती. धुके होते, रेडिओवरचे बोलणे एकमेकांत मिसळून अस्पष्ट झाले होते, पुढच्या उड्डाणाची घाई होती. पण ज्या विमानाने परवानगी मिळण्याआधीच धाव घेतली, त्याचा कप्तान त्या कंपनीत इतर वैमानिकांना शिकवणारा, अत्यंत ज्येष्ठ आणि नावाजलेला माणूस होता. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनियरने विचारली. कप्तानाने ठामपणे सांगितले, की झाले आहे, आणि मग कोणी दुसऱ्यांदा विचारले नाही. पुढे १९७९ मध्ये नासाने भरवलेल्या एका कार्यशाळेतून वैमानिकांच्या प्रशिक्षणाची जी नवी पद्धत निघाली, तिच्यात कनिष्ठाने शंका कशी लावून धरावी हे शिकवतात, आणि ज्येष्ठाने ती कशी मागून घ्यावी हेही शिकवतात. मला यातला दुसरा भाग मोठा वाटतो. कप्तानाने नम्र व्हावे अशी प्रार्थना करत कोणी बसले नाही. त्याला गर्व असेलच असे गृहीत धरून, शंका विचारली जाईल अशी व्यवस्था लावून दिली.

तेव्हा ओळखायचे कसे, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की स्वतःच्या मनापेक्षा आजूबाजूच्या शांततेकडे पाहा. तुमचे चुकते आहे असे तुम्हाला तोंडावर शेवटचे कोणी आणि केव्हा सांगितले, हे आठवून पाहा. आठवायला फार मागे जावे लागले, तर त्या काळात तुम्ही चुकला नव्हता असा त्याचा अर्थ होत नाही. सोसायटीची हकीकत सांगताना तुमच्या बोलण्यात दुसऱ्या माणसांची नावे येतात का, तेही पाहा. या पत्रात दहा वर्षांच्या कामांची यादी आहे आणि तिच्यात खजिनदार नाही, रात्री पंप चालू करणारा वॉचमन नाही, समितीतले इतर सभासद नाहीत, तुमच्या वाटचे घर सांभाळणारी पत्नीही नाही. यात तुमचा खोटेपणा आहे असे मी म्हणत नाही. मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३७ जोडप्यांना, नवऱ्याला वेगळे आणि बायकोला वेगळे, घरातल्या कामांपैकी आपण किती करतो ते विचारले होते, आणि बहुतेक कामांत दोघांच्या सांगण्याची बेरीज पूर्णापेक्षा जास्त भरली. आपण केलेले काम आपल्याला आतून दिसते, त्याचा घाम आठवतो. दुसऱ्याचे काम झाल्यावरच दिसते, आणि बऱ्याचदा तेव्हाही दिसत नाही. प्रत्येक प्रामाणिक माणसाची वही अशी थोडी स्वतःकडे झुकलेली असते, म्हणून दहा वर्षांची तुमची वही दुसऱ्या कोणाच्या वहीशी ताडून पाहणे आवश्यक आहे. एक संध्याकाळ पत्नीबरोबर बसा आणि प्रत्येक कामापुढे, ते करायला आणखी कोण होते, ते तिला लिहू द्या. ती लिहीत असताना मधे बोलू नका. मला वाटते, यातले तुम्हाला सर्वांत अवघड जाईल ते हेच.

आणखी एक खूण आहे, ती विचारायला जरा संकोच वाटतो. नव्या समितीच्या हातून काही बिघडले, समजा पाणी आले नाही किंवा लिफ्ट दोन दिवस बंद राहिली, तर त्या वेळी तुम्हाला काय वाटते? काळजीच्या आधी किंचित बरे वाटत असेल, तर तुम्ही ज्या सोसायटीसाठी दहा वर्षे झिजलात तिच्यापेक्षा तिच्यातली तुमची जागा तुम्हाला अधिक प्रिय झाली आहे. माझ्या जागी वर्गावर आलेल्या बाईंविषयी मुलांनी कुरबुर केली, तेव्हा मलाही बरे वाटले होते.

आता आवरण्याविषयी. पहिली गोष्ट म्हणजे दप्तर. मावळत्या समितीने दप्तर नव्या समितीच्या ताब्यात द्यायचे असते, हा सहकार कायद्याचा भाग झाला आणि तो तुम्हाला माझ्याहून चांगला ठाऊक आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ती कागदपत्रे घरात ठेवून तुम्ही स्वतःला रोज सांगत आहात, की माझ्याशिवाय यांचे अडणार आहे. सगळे कागद एकाच दिवशी, यादी करून आणि पोच घेऊन, देऊन टाका. कागदावर नसलेले जे तुमच्या डोक्यात आहे, म्हणजे कोणता व्हॉल्व्ह कोणत्या मजल्याचा, पंपाचा कोणता दुरुस्तीवाला रात्रीही येतो, लिफ्टच्या देखभाल कराराचे नूतनीकरण कोणत्या महिन्यात असते, ते वहीत लिहून तीही त्यांच्या हवाली करा. यानंतर महिनाभर तुम्हाला एकही फोन आला नाही, तर वाईट वाटेल. वाटू द्यावे. ते वाईट वाटणे सहन करण्याची सवय हाच या दुखण्यावरचा मोठा उपचार आहे, आणि तो कोणाच्या उपदेशाने होत नाही.

दुसरी गोष्ट त्या बाईंची. त्यांची क्षमा मागायची असेल तर दोन वेगवेगळ्या गोष्टींची मागावी लागेल, आणि या दोन्हींची सरमिसळ करू नका. टाकून बोलण्याबद्दल त्यांना भेटून, खाजगीत, एका वाक्यात क्षमा मागावी. त्या वाक्यात 'पण' हा शब्द येऊ देऊ नये, कारण "मी चुकलो, पण त्या वेळी माझ्यावर ताण होता" असे म्हटले, की माफी तिथेच संपून वकिली सुरू होते. श्रेयाचे मात्र खाजगीत फिटणार नाही. ते चाळीस सदनिकांच्या सभेत घेतले गेले, म्हणून तिथेच परत करावे लागेल: मोजमापातली चूक यांनी दाखवली होती, रक्कम त्यामुळे कमी झाली, घासाघीस झालीच नव्हती. हे इतिवृत्तात नोंदवायला सांगा. दहा वर्षे इतिवृत्त तुम्ही लिहिलेत, तेव्हा त्यातली एक खोटी नोंद दुरुस्त करण्याचा मान तुमचाच आहे.

मात्र येथे एक खड्डा आहे आणि हुशार माणसे त्यात हमखास पडतात. गर्व सोडल्याचाही एक गर्व असतो. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत पहिले अमानित्व आणि त्याला लागूनच दुसरे अदंभित्व आहे. मानाची अपेक्षा नसणे आणि त्या नसण्याचे प्रदर्शनही नसणे, ही दोन्ही इतकी जवळ ठेवली आहेत ते उगाच नव्हे, असे मला नेहमी वाटत आले आहे. सभेत उभे राहून गहिवरल्या आवाजात आपल्या दोषांवर दहा मिनिटे भाषण केलेत, तर त्या दिवशीही सभा तुमचीच होईल आणि त्या बाई पुन्हा श्रोत्यांत बसतील. तीन वाक्ये बोला आणि खाली बसा. ग्रुपमध्ये परत जायचे असेल तर निवेदन न लिहिता जा, आणि पहिले काही महिने कोणी विचारल्याखेरीज सल्ला देऊ नका. विचारले तर जरूर द्या. ज्ञान लपवून ठेवणे ही काही नम्रता नव्हे, आणि "मी काय, साधा माणूस" असे म्हणत समोरच्याकडून "छे छे, तुम्ही कसले साधे!" वदवून घेणे तर त्याहून वाईट.

पत्नीविषयी थोडेच सांगायचे आहे. 'ग'ची बाधा हा शब्द तिने वापरला तेव्हा तुम्ही तिच्याकडे उदाहरणे मागितली असतील, असा माझा अंदाज आहे. टोकणाऱ्याकडे पुरावे मागणे ही त्याला गप्प करण्याची फार सभ्य रीत आहे. घरातले थापटणे तिच्या हाती असू द्या.

तुमच्या पत्रात एक तक्रार दडलेली आहे. ती तुम्ही मांडलेली नाही, तरी मला ऐकू आली. दहा वर्षांनंतर पायउतार होताना तुम्हाला कोणी साधे "आभारी आहोत" असे म्हटलेले दिसत नाही. तसे घडले असेल तर ते कोतेपणाचे झाले, आणि त्याचे वाईट वाटण्यात गर्व मुळीच नाही. केलेल्या कामाची जाण ठेवली जावी ही अपेक्षा माणसाची आहे. फक्त त्या दुःखाची भरपाई दप्तर अडवून करू नका. वाईट वाटले, असे एखाद्या जुन्या सहकाऱ्याजवळ चहा पिताना सरळ बोलून टाका.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते, तेव्हा इतिवृत्तातल्या नोंदीसाठी तुमच्याकडे अजून थोडा अवधी आहे. खाजगी क्षमेला सभेची तारीख लागत नाही. त्या बाई चौथ्या मजल्यावर राहतात आणि तुम्ही बसवून घेतलेली लिफ्ट, माझ्या माहितीप्रमाणे, चालू आहे.